लघु द्विमान प्रतिमांचे हानिरहित संकोचन

फक्त काळे-पांढरे पिक्सेल असलेल्या छोट्या चित्राची फाइल एकही पिक्सेल न बदलता लहान करण्याचे तंत्र. अंगठा, सही, गोल शिक्का ही अशी चित्रे. चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या जिल्ह्यांतल्या वनहक्क दाव्यांच्या कागदांवर ती हमखास भेटतात.

जुना उपाय रन-लेंग्थचा: सलग पांढरे किती, सलग काळे किती, एवढेच लिहायचे. १९८० च्या ग्रुप-३ फॅक्स मानकाने नेहमीच्या लांब्यांना आखूड हफमन संकेत दिले. १९८४ च्या ग्रुप-४ मध्ये वरच्या ओळीशी असलेला फरक तेवढा नोंदवतात. देवनागरी मजकुराची शिरोरेघ यात थोडक्यात मावते. अंगठा मात्र ग्रुप-३ ला दाद देत नाही. ठशातल्या रेषा साधारण अर्ध्या मिलिमीटरवर असतात; इंचाला ३०० पिक्सेलच्या स्कॅनमध्ये तीन पांढरे, तीन काळे असा क्रम येतो. तीन पांढऱ्यांचा संकेत ४ बिटांचा, तीन काळ्यांचा २ बिटांचा. सहा पिक्सेलना सहा बिट, बचत शून्य. इंचाला २०० पिक्सेल घेतले तर चार पिक्सेलना सहा बिट लागतात आणि फाइल चक्क फुगते.

१९९३ चे जेबिग मानक शेजारचे १० पिक्सेल पाहून पुढच्याचा अंदाज बांधते आणि अंकगणिती संकेतन वापरते. वळणदार पण सलग रेषांना हे मानवते. पण १० पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या जुळण्या, म्हणजे संदर्भ, १,०२४ होतात, आणि ३२ × ३२ च्या चित्रात एकूण पिक्सेलच तेवढे. अंदाज पक्का होईतो चित्र संपते. म्हणून लघुप्रतिमांसाठी आधीच तयार केलेला संभाव्यता-तक्ता बरा. फाइलीच्या वेष्टणाचाही भार असतोच: असे चित्र मुळात १२८ बाइटचे, तर पीएनजी या चित्र-फाइल प्रकाराचा सांगाडाच ५७ बाइटचा. अनेक शिक्के एकाच फाइलीत बांधले की हा खर्च वाटला जातो.

२००० च्या जेबिग-२ मध्ये हानिरहित प्रकाराबरोबर दुसराही आहे: एकसारख्या दिसणाऱ्या आकृत्यांसाठी एकच आकृती वापरायची. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल यांनी झेरॉक्स यंत्रांच्या स्कॅनमध्ये ६ चे ८ झालेले दाखवले, ते याच अदलाबदलीमुळे. वनहक्काच्या कागदांत अशी चूक परवडणारी नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. अशा हक्काच्या कागदावर एक अंक बदलला तरी वाद उभा राहील. हक्काच्या दस्तऐवजासाठी ग्रुप-४ किंवा जेबिग-२ चा हानिरहित प्रकारच वापरावा.