उरलेल्या कामाची चिठ्ठी

मुलाला दळण देऊन गिरणीत पाठवले, की तो पीठ घेऊन परत येतो आणि मग आपण त्याला पुढचे काम सांगतो. संगणकाचा साधा प्रोग्रामही असाच चालतो. पण दळणासोबतच ‘पीठ झाले की पुढे काय काय करायचे’ याची चिठ्ठी दिली तर? विचारायला परत यायची गरजच उरत नाही. या चिठ्ठीला संगणकशास्त्रात ‘कंटिन्युएशन’ म्हणतात. त्या क्षणानंतर उरलेले सगळे काम, एवढाच तिचा अर्थ.

सप्टेंबर १९६४ मध्ये व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी एक परिषद भरली होती. तिथे डच गणितज्ञ व्हान वाइनगार्डन यांनी ही युक्ती सांगितली. प्रोग्राममधल्या उड्या, म्हणजे ‘गो टू’, काढून टाकणे हा त्यांचा हेतू होता. याच परिषदेत ब्रिटनच्या ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनीही निबंध वाचला होता. तरी ती कल्पना कुणी उचलली नाही.

पुढे १९७० च्या आसपास पोलंडचे माझुर्किएविच, इंग्लंडमध्ये लॉकवुड मॉरिस आणि ख्रिस्तोफर वॅड्सवर्थ, अमेरिकेत फिशर अशा अनेकांना ती आपापल्या वाटेने भेटली. ‘कंटिन्युएशन’ हे नाव वॅड्सवर्थ यांनी दिले. त्यांचा ऑक्सफर्डमधला प्रबंध १९७४ मध्ये निघाला. त्यावर सहलेखक म्हणून नाव होते स्ट्रेची यांचे! दहा वर्षांपूर्वी बाडेनला हजर असलेल्या स्ट्रेचींचे.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीत ससमन आणि स्टील यांनी ‘स्कीम’ ही भाषा रचली. अशा फंक्शनल भाषांत फंक्शन हीसुद्धा एखाद्या आकड्यासारखी हाती देता येणारी, जपून ठेवता येणारी वस्तू असते. म्हणून स्कीममध्ये ही चिठ्ठी प्रोग्रामरच्या हातात आली. ती ठेवून द्यावी, हवी तेव्हा काढावी आणि सोडलेल्या जागेवरून काम पुन्हा सुरू करावे. आज मोबाइलमधले ॲप दूरच्या यंत्राकडे माहिती मागते आणि उत्तर येईपर्यंत अडून बसत नाही, त्यामागेही ‘उत्तर आले की हे कर’ अशीच चिठ्ठी असते.

कविता लिहिणाऱ्या माणसाला या हकिगतीत रस वाटतो तो नावामुळे. वस्तू समोर होती. पण नाव मिळेपर्यंत ती ज्याच्या त्याच्या वहीतच राहिली. आणि दुसरे कारण रेनॉल्ड्स. या कल्पनेवर अमेरिकेत त्यांनी स्वतःही काम केले होते. तरी १९९३ मध्ये या शोधांचा इतिहास लिहिताना त्यांनी जुनी कागदपत्रे चाळली आणि पहिला मान बाडेनच्या त्या विसरल्या गेलेल्या भाषणाला दिला.