एक मुलूख, अनेक मुखत्यार : हैदराबादच्या सार्वभौमत्वाचा वाद

राज्य कोणाचे, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. ज्याच्या हाती सत्ता त्याचे राज्य, असे उत्तर व्यवहारी मनुष्य चटकन देईल. इतिहासाच्या अभ्यासकाचे मात्र त्या उत्तराने समाधान होत नाही. १ ऑक्टोबर १९४९ रोजी पेकिंग येथे नवे सरकार स्थापन झाले. जुने सरकार त्याच वर्षाच्या अखेरीस तैवान बेटावर गेले. आणि 'चीन' या एकाच नावावर दोन सरकारे हक्क सांगू लागली. भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी पेकिंगच्या सरकारास मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रसंघातील चीनची जागा मात्र २५ ऑक्टोबर १९७१ पर्यंत तैवानच्या सरकारकडेच राहिली. बावीस वर्षे भूमी एकाकडे आणि आसन दुसऱ्याकडे, असा हा विलक्षण प्रकार होता. तो दूरदेशीचा म्हणून आपण कुतूहलाने वाचतो. परंतु त्याच जातीचा प्रश्न चीनच्या एक वर्ष आधी आपल्या हैदराबादेत उभा राहिला होता, आणि त्याचे पडसाद अद्यापि पुरते विरलेले नाहीत. त्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

आबिड्सच्या चौकातून निघाले असता या वादाच्या सर्व खुणा पायी फिरण्याजोग्या टापूत सापडतात. या वस्तीचे नावच मुळी दरबारी आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिद यांच्या दुकानावरून ते रूढ झाले. एका बाजूस किंग कोठी, जेथे सातवे निजाम मीर उस्मान अली खान राहत. जवळच गनफाउंड्री, जेथे १९४१ च्या कायद्याने निर्माण झालेल्या व रियासतीचा स्वतंत्र सिक्का सांभाळणाऱ्या हैदराबाद स्टेट बँकेची वास्तू. दुसऱ्या बाजूस सुलतान बाजार ओलांडताच इंग्रजांची रेसिडेन्सी. राजाचा वाडा, राज्याचे नाणे आणि त्या राज्यावर नजर ठेवणारी परकी सत्ता, ही तिन्ही इतक्या जवळ नांदत असता 'सार्वभौम कोण' हा प्रश्न दीडशे वर्षे कोणी मोठ्याने विचारीत नव्हते, एवढेच.

अशा वादात चार गोष्टी निरनिराळ्या ओळखल्या पाहिजेत, असे आम्हांस वाटते. पहिली सनद, म्हणजे कागदोपत्री हक्क. दुसरी ताबा, म्हणजे प्रत्यक्ष वसूल व हुकमत. तिसरी मान्यता, म्हणजे इतर सत्तांनी दिलेला होकार. आणि चौथी संमती, म्हणजे ज्यांच्यावर राज्य करावयाचे त्यांचा होकार. या चारांचा घोटाळा केल्यामुळेच या विषयावरील बहुतेक लेखन एकतर्फी झाले आहे.

आसफजाही घराण्याचा प्रारंभच या घोटाळ्यात झालेला आहे. १७२४ साली दिल्लीच्या बादशहाने दख्खनची सुभेदारी मुबारिजखानास दिली होती. म्हणजे सनद त्याच्याकडे होती. वऱ्हाडातील साखरखेर्डे येथे त्याचा पराभव करून निजामुल्मुल्काने ताबा मिळविला, आणि मागाहून बादशहाने त्यालाच मान्यता दिली. पुढे तीनच वर्षांत याच निजामाने मराठ्यांच्या बाबतीत उलट पवित्रा घेतला. दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा १७१९ पासून शाहूकडे होत्या. परंतु सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या असता शाहू आणि संभाजी यांतील खरा छत्रपती कोण, हे ठरल्यावाचून पैसा कोणास द्यावा, असा प्रश्न काढून त्याने वसूल रोखला. शंका कायद्याची, हेतू राजकारणाचा. तिचे उत्तर बाजीरावाने फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडास दिले. मार्चमधील मुंगी-शेवगावच्या तहाने निजामास शाहूचा हक्क मानावा लागला. आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा-कोल्हापूर यांचे आपसांतील भांडण मिटले. यातून निघणारा बोध ध्यानात ठेवण्याजोगा आहे : दोन हक्कदारांपैकी खरा कोण, असे जेव्हा तिसरा विचारतो, तेव्हा त्याच्या प्रश्नामागे न्यायबुद्धीपेक्षा स्वार्थ अधिक असण्याचा संभव असतो.

नाव एकाचे आणि ताबा दुसऱ्याचा, याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे वऱ्हाड. १८५३ च्या तहाने, कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी, तो प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १९०२ साली वार्षिक २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा झाला. सातव्या निजामांनी वऱ्हाड परत मागताना आपण इंग्रजांचे बरोबरीचे दोस्त आहोत असा दावा केला, तेव्हा २७ मार्च १९२६ च्या पत्रात लॉर्ड रीडिंग यांनी स्पष्ट बजावले की, हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वश्रेष्ठ असून कोणाही संस्थानिकास तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही. १९३६ च्या कराराने मात्र वऱ्हाडावरील निजामांचे नाममात्र सार्वभौमत्व मान्य झाले व त्यांच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याचा सारा नागपूरच्या सरकारकडे जाई आणि त्याच्या भूमीचे नाव हैदराबादच्या राजपुत्रास शोभा देई. त्या शेतकऱ्यास मात्र या दोहोंपैकी कोणीही काही विचारले नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे १९४७ चा पेच उलगडतो. भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यातील सातव्या कलमाने संस्थानांवरील ब्रिटिश अधिराज्य संपुष्टात आले. ते संपले तर गेले कोठे? हैदराबादचे म्हणणे असे की, जे अधिकार आम्ही इंग्रजांस दिले ते आमच्याकडे परत आले. सबब आम्ही स्वतंत्र. दिल्लीचे म्हणणे असे की, चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या आणि ८२ हजारांहून अधिक चौरस मैलांच्या या प्रदेशास भूगोल, संरक्षण व प्रजेची इच्छा यांपैकी कोणत्याही दृष्टीने वेगळे राज्य म्हणता येणार नाही. २९ नोव्हेंबर १९४७ च्या 'जैसे थे' कराराने एक वर्षाची सवड मिळाली. पण त्याचेही दोन अर्थ झाले. हैदराबादने तो दोन समान राज्यांतील तह मानला. दिल्लीने पूर्वीचे दुय्यम नाते चालू राहिले असे मानले. भारताचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुनशी आले ते 'एजंट जनरल' म्हणून. राजदूत नव्हे आणि रेसिडेंटही नव्हे. त्यांना रेसिडेन्सीत जागा न मिळता बोलारम येथे भारतीय लष्कराच्या इमारतीत राहावे लागले. वास्तूच्या वादातही सार्वभौमत्वाचा वाद होता. मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने भारतीय चलनावर निर्बंध घातले, पाकिस्तानास २० कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. दिल्लीने त्यास करारभंग म्हटले.

दरबारी कागदांचा हा खेळ चालू असता संस्थानातील खेड्यांत काय स्थिती होती? मराठवाड्याच्या सीमेवरील पाटील-कुळकर्ण्यांवर एकाच वेळी अनेकांचे हुकूम येत. सरकार सारा व धान्याची लेव्ही मागे. कासीम रझवी यांचे रझाकार सरकारच्या नावाने, पण सरकारच्याही आवाक्याबाहेर, दहशत घालीत. सीमेपलीकडील कॅम्पांतून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते करोडगिरीची नाकी उडवीत आणि गावचे दप्तर जाळीत. सिंदीची झाडे तोडून आबकारीचे उत्पन्न बुडविण्याची चळवळ तर प्रत्यक्ष लढ्याच्या आधीच सुरू झाली होती. तेलंगणात कम्युनिस्टांच्या ग्रामसमित्या जमिनीचे वाटप व तंट्यांचे निवाडे करीत होत्या. यातील एक गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. नाके, दप्तर, आबकारी, जमीन, ही लक्ष्ये आंधळेपणाने निवडलेली नव्हती. राज्याचे राज्यपण ज्या ठिकाणी दिसते नेमक्या त्याच जागा होत्या त्या. सार्वभौमत्वाची व्याख्या ज्यांनी कधी वाचली नव्हती, त्या खेडुतांस तिचे मर्म पक्के ठाऊक होते.

संमतीचा प्रश्न उघडपणे विचारणारे पुढारी हैदराबादेत होतेच. स्टेट काँग्रेसवर १९३८ साली, ती नीट उभी राहण्यापूर्वीच, बंदी आली, ती १९४६ पर्यंत टिकली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतीय संघराज्यात सामील होण्याची मागणी जाहीरपणे मांडण्यात आली, आणि १५ ऑगस्टला स्वामीजी तुरुंगात गेले. रझाकारांवर टीका करणारे 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये याच शहरात हत्या झाली. हा वाद हिंदू-मुसलमानांचा होता असे जे सरसकट म्हणतात, त्यांनी हे एक नाव विसरू नये.

आता पॅरिसकडे वळू. सुरक्षा परिषदेची बैठक त्या वेळी तेथे भरत असे. हैदराबादने ऑगस्ट १९४८ मध्ये आपली तक्रार परिषदेकडे धाडली व मोईन नवाज जंग यांचे शिष्टमंडळ रवाना केले. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १६ सप्टेंबरला परिषदेने हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. बाजूने आठ मते, विरोधी एकही नाही, आणि तीन राष्ट्रे तटस्थ : सोव्हिएट रशिया, युक्रेन आणि चीन. हैदराबाद हे मुळी 'राज्य'च नव्हे, सबब त्यास तक्रारीचा अधिकार नाही, हा भारताचा आक्षेप परिषदेने निकालात न काढता बाजूस ठेवला. तटस्थ राहिलेल्या चीनच्या त्या सरकारास वर्षभरातच स्वतःच्या आसनाचे समर्थन करावे लागणार होते, हा इतिहासाचा योगायोग.

दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, लायक अली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व निजामांनी शरणागती जाहीर केली. २२ सप्टेंबरला निजामांची तार गेली की, तक्रार मागे घेतली असून शिष्टमंडळास आता कसलाही अधिकार उरलेला नाही. शिष्टमंडळाने उत्तर दिले की, ही तार दडपणाखालची आहे. या वादाचा गाभा आमच्या मते येथे आहे. हैदराबादचा सारा दावा निजाम या एका व्यक्तीच्या सार्वभौमत्वावर उभारलेला होता. त्या व्यक्तीनेच पाठ फिरविल्यावर तिच्या मुखत्यारांनी कोणाच्या नावाने बोलावे? राजाच्या मनावर दडपण आहे हे एक वेळ मान्य केले, तरी मग प्रजेच्या नावाने बोलणे प्राप्त होते. आणि प्रजेने तर त्यांना कधी निवडलेलेच नव्हते. मे १९४९ मध्ये परिषदेपुढे पुन्हा चर्चा झाली. निकाल कधीच लागला नाही.

हाच प्रश्न लंडनच्या बँकेतही उद्भवला. शरणागतीच्या सुमारास हैदराबादच्या सरकारी खात्यातील १० लाखांहून अधिक पौंड पाकिस्तानचे हायकमिशनर रहिमतुल्ला यांच्या नावे वळविण्यात आले. ही रक्कम माझ्या अनुज्ञेवाचून गेली, असे निजामांनी कळविले. सही करणाऱ्या हाताला त्या दिवशी सरकारचा हात म्हणावे काय, असा हा वाद. १९५७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने परराज्याच्या न्यायमुक्ततेचे तत्त्व लावून दावा थांबविला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने पाकिस्तानचा हक्क फेटाळून निजामांचे नातू व भारत यांच्या बाजूने निर्णय दिला, तोवर ती रक्कम व्याजासह साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. राज्य लयास जाऊन सत्तर वर्षे झाली तरी त्याचे खाते जिवंत होते.

मग वैधतेचा निवाडा झाला तरी कोठे? सैन्याने ताबा दिला. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामांच्या फर्मानाने भारतीय संविधान स्वीकारले गेले, म्हणजे सनद झाली. परंतु त्या दोहोंनी काम पुरे झाले नव्हते. १९५२ च्या प्रौढ मतदानाने १७५ सदस्यांची विधानसभा आली व बुरगुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले, तेव्हा या मुलखाच्या इतिहासात प्रथमच रयतेस कोणी कौल मागितला. आमच्या मते निर्णायक दिवस तो. त्याच न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, सप्टेंबर १९४८ नंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत मुसलमान प्रजेचा जो संहार झाला, तो नव्या राज्याच्या वैधतेवरील डाग होय. भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला, आणि तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार सांगून हे झाकता येत नाही, आणि हे सांगून ते पुसता येत नाहीत.

अध्यापकवर्गापुढे याचा एक व्यावहारिक भाग आहे. १७ सप्टेंबरला वर्गात कोणता शब्द वापरावा? 'पोलीस कारवाई' म्हटले की प्रदेश आधीपासून आपलाच होता असे गृहीत धरले जाते, कारण पोलीस परमुलखात जात नाहीत. 'आक्रमण' म्हटले की दोन राज्ये होती असे मानावे लागते. 'विलीनीकरण' शब्दात कागद दिसतो, 'मुक्ती' शब्दात माणसे दिसतात. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिसंग्रामाचा. हैदराबादेत २०२२ साली केंद्र सरकारने त्यास मुक्तिदिन म्हटले आणि राज्य सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन. २०२४ मध्ये राज्याने त्याचे नाव प्रजापालन दिन ठेवले. एकाच शहरात एकाच दिवसाला निरनिराळी नावे पडावीत, याचा अर्थ जुना वाद आता शब्दांच्या मुलखात चालू आहे. यांपैकी एकच शब्द विद्यार्थ्याच्या हाती देण्याऐवजी प्रत्येक शब्दामागे सनद, ताबा, मान्यता व संमती यांपैकी कशाची बाजू घेतली आहे, हे त्याला ओळखावयास शिकवावे, असे आम्ही सुचवितो.

हैदराबाद संस्थान १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार तीन राज्यांत विभागले गेले, आणि ज्या मुलखाच्या सार्वभौमत्वासाठी पॅरिसपर्यंत वाद गेला तो मुलूखच नकाशावरून नाहीसा झाला. त्याबद्दल प्रजेने फारसा शोक केला नाही. राजाच्या दाव्यास सनदेचा, शस्त्राचा आणि परक्यांच्या मान्यतेचा आधार मिळू शकतो. परंतु ज्या राज्यास रयतेने आपले म्हटलेले नसते, ते गेल्यावर त्यास परत मागणारे कोणी उरत नाही.