शिकारखाना ते अभयारण्य

समाज वन्य पशूंना कोठे ठेवतो, याचा इतिहास त्या जागांना पडलेल्या नावांतूनही उलगडतो. पुणे शहर आणि त्याच्या पश्चिमेचा मुळशी तालुका यांच्यापुरते पाहिले, तर शिकारखाना, उद्यान व अभयारण्य या तीन नावांत तीन भिन्न दृष्टी आढळतात.

मराठी राज्यात जे अठरा कारखाने सांगितले जातात, त्यांत शिकारखान्याची गणना होते. हत्तींचा पीलखाना, तोफांचा तोफखाना, तसाच पशूंचा हा खाना. ‘खाना’ या फारसी शब्दाचा अर्थ घर, कोठी असा असल्याने पशू ही येथे दौलतीची एक बाब ठरते. पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९० साली, गंगाराम तांबट या चित्रकाराने तेथील गेंड्याचे चित्र काढले. ते आता अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गेंडा हा सह्याद्रीतला प्राणी नव्हे. त्याचे पुण्यात असणे हेच धन्याच्या ऐश्वर्याचे प्रमाण होते.

पर्वतीच्याच परिसरात १९५३ साली पेशवे उद्यान सुरू झाले. नावात पेशव्यांची स्मृती राहिली. परंतु ‘खाना’ जाऊन ‘उद्यान’ आले आणि धन्याच्या जागी सामान्य नागरिक आला. मुंबईत भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयासही लोकांनी ‘राणीची बाग’च म्हटले. बाग हा फिरावयास येणाऱ्याच्या सुखाचा शब्द होय. पेशवे उद्यानात मुलांना ‘फुलराणी’ आगगाडीचे जितके अप्रूप, तितकेच पिंजऱ्यातील वाघाचे. दोन्ही करमणुकीचीच साधने होती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने दृष्टी पालटली आणि १९९१ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयेही त्याच्या कक्षेत आली. १९९९ मध्ये कात्रज येथे सुमारे १३० एकरांवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय खुले झाले व पेशवे उद्यानातील प्राणी तेथे हलविण्यात आले. येथे वाघ आणि प्रेक्षक यांच्यामध्ये केवळ गज नसून खंदक आहे. खंदकापलीकडे झाडी व पाणी आहे. प्राणी झाडीआड गेल्यास प्रेक्षकाने थांबावे, हा संकेत या रचनेतच आहे.

मुळशीत मात्र शब्दच वेगळा. २०१३ साली पुणे व रायगड जिल्ह्यांतील सुमारे ५० चौरस किलोमीटर वनास ताम्हिणी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. ही कल्पना जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अभयवन’ हा शब्द येतो व तेथील पशुपक्ष्यांना मारणाऱ्यास जबर दंड सांगितला आहे. शिकारखाना धन्याचे नाव सांगतो, उद्यान प्रेक्षकाचे. अभयारण्य हे नाव प्राण्याची स्थिती सांगते. शेकरू येथे घरधनी असून माणूस पाहुणा आहे.

तथापि याच खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, तरी मावळ्यांची गावे पाण्याखाली गेलीच. त्यांच्या निवासास कोणी अभय दिले नव्हते. आज त्याच जलाशयाच्या काठाने पावसाळी सहलींच्या झुंडी ताम्हिणीकडे जातात. त्यांनी अभयारण्यास बाग मानले, तर नाव तेवढे उरेल आणि अर्थ पुन्हा शिकारखान्याकडे वळेल.