विहिरीचे पाणी आणि कानातली नळी

पेणहून येणाऱ्या गाडीने नागोठणे सोडले की निडी, आणि निडी सोडले की रोहा. या पट्ट्यात माझ्या पिढीची पोरे पोहायला शिकली ती विहिरीत. मामा किंवा थोरला चुलतभाऊ पाठीला रिकामा, तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा बांधायचा आणि ढकलून द्यायचा. आमच्या वडिलांच्या वेळी डब्याऐवजी वाळलेले भोपळे असत. हातपाय चालू लागले की डबा सुटे. मग सूर, मुटके, आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यायची पैज.

पोर घरी आले की आजी आधी कान बघायची. कानात दडा बसला असेल तर एका पायावर उड्या मारायच्या, नाहीतर उन्हात तापलेला चपटा दगड कानाला लावून मान वाकडी करायची. रात्री कान ठणकला तर खोबरेल तेलात लसणाची पाकळी तळून ते कोमट तेल कानात. आणि ज्याचा कान एकदा फुटला, त्याला पावसाळाभर विहीर बंद. सबंध आळीला ठाऊक असे की अमक्याचा कान वाहतो, त्याला पाण्यावर बोलवायचे नाही. तो पोरगा काठावर कपडे राखत बसे. मला त्या पोरांची अजून हळहळ वाटते.

आजीचा धाक मात्र निराधार नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग मोजले आहेत. त्यात कान वाहण्याची कारणे सांगताना डोक्याला लागलेला मार आणि पिकलेले गळू यांच्या जोडीला पाण्यात बुडी मारणे हेही कारण दिले आहे. कानात तेल भरण्याचा उपचार, कर्णपूरण, तोही त्याच परंपरेतला. आजीने ग्रंथ पाहिला नव्हता. तिच्याकडे हे तिच्या सासूकडून आले.

आजी फुटलेल्या कानाला भीत असे, पण कानाच्या पडद्याला मुद्दाम छिद्र पाडून बहिरेपण कमी करता येते, हे लंडनच्या अ‍ॅस्टली कूपर या शल्यवैद्याने दाखवले. त्या कामासाठी १८०१ साली रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले. अडचण एकच होती: छिद्र काही दिवसांत बुजून जाई आणि रोगी पुन्हा पहिल्यासारखा. ते उघडे राहावे म्हणून एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वैद्यांनी नाना खटपटी केल्या. व्हिएन्नाच्या अ‍ॅडम पोलिट्झरने कडक रबराची बारीक कडी बसवून पाहिली, पण ती पद्धत टिकली नाही. अखेर १९५४ साली बेव्हर्ली आर्मस्ट्राँग या अमेरिकी डॉक्टरने प्लास्टिकची नळी वापरल्याचे प्रसिद्ध केले, आणि तिथून या शस्त्रक्रियेने जम बसवला. आज आपले डॉक्टर तिला ग्रोमेट म्हणतात. दोऱ्याच्या रिळासारखा तिचा घाट असतो. मधले भोक साधारण एक मिलिमीटरचे. लहान मुलांत नाकामागून कानाकडे जाणारी नलिका आखूड आणि आडवी असते. त्यामुळे सर्दीनंतर पडद्यामागे चिकट पाणी साचते आणि मूल हाक ऐकेनासे होते. ग्रोमेटमुळे तिथे हवा खेळू लागते.

नळीबरोबर एक नवी बंदीही आली. छिद्र आहे म्हणजे पाणी आत जाणार, या सरळ तर्काने जगभरच्या डॉक्टरांनी अनेक वर्षे अशा मुलांना पोहणे मना केले, किंवा कानात बुच आणि डोक्याला पट्टा सक्तीचा केला. काठावर बसणारी पोरे पुन्हा काठावरच राहिली.

तर्क सरळ असला तरी पाणी तसे वागत नाही. एवढ्या बारीक भोकातून ते सहजी शिरत नाही, पृष्ठताण त्याला तोंडाशीच अडवतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नळी बसवलेल्या २०१ मुलांपैकी काहींना बुच दिले, काहींना दिले नाही. बुचाचा फायदा दिसला, पण एक संसर्ग टाळायला मुलाने सरासरी २.८ वर्षे बुच वापरावे लागेल, इतकाच. २०१३ साली अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने लेखी सांगितले की सरसकट बंदी घालू नका. ज्याचा कान वारंवार वाहतो, जो खोल बुड्या मारतो, किंवा जो तळ्याच्या-नदीच्या पाण्यात उतरतो, त्याचा विचार वेगळा करा.

हे शेवटचे वाक्य मला आमच्या भागासाठी फार मोलाचे वाटते, कारण इथे पाणी एका जातीचे नाही. भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले. तेव्हापासून मुळशी धरणाचे पाणी वीज करून कुंडलिकेत उतरते, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती. त्याच नदीच्या अंगाला धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. पावसाळ्यात गावतळ्यात गुरे उतरतात, शेतातला गाळ येतो. विहिरीत उंचावरून सूर मारला की खोलीचा दाब कानावर येतो, आणि दाबापुढे पृष्ठताणाचे काही चालत नाही. साबणाच्या पाण्याचेही तसेच: साबण पृष्ठताण कमी करतो, म्हणून न्हाणीघरातली बादली स्वच्छ जलतरण तलावापेक्षा जास्त जपण्याची.

माझ्या नातवाच्या दोन्ही कानांत ग्रोमेट आहेत. मे महिन्यात तो पनवेलहून येतो. त्याच्या डॉक्टरांना विचारून आम्ही ठरवले आहे ते असे. तिकडच्या क्लोरीनच्या तलावात बुडी न मारता पोहायला बुच लागत नाही. इथे तळे आणि नदी नाही. विहिरीत डबा बांधून, कानात मापाचे मऊ बुच घालून, पायऱ्यांवरून उतरायचे; सूर मारायचा नाही. डोके धुताना व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा. आणि तेलाचा एक थेंबही कानात नाही, कोणी कितीही मायेने आणले तरी. नळीतून ते सरळ पडद्यामागे उतरेल. कानातून पाणी किंवा पू आला तर घरगुती उपाय न करता दवाखाना.

नळी बहुधा सहा ते अठरा महिन्यांत आपोआप गळून पडते आणि पडदा मागून भरून येतो. तो भरला की नाही हे डॉक्टरांनी आत बघून सांगायचे, आपण अंदाजाने नाही. नातू दर फोनला विचारतो, नळी पडली तर काठावरून सूर मारू ना आजोबा? मी सांगतो, डॉक्टर हो म्हणाले की त्याच दिवशी ये.