लाल रंगवलेले हातपंप

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री बंदिस्त कंटेनरांतून पिथमपूरकडे रवाना झाला आणि जूनअखेरीस तेथील भट्टीत जळून संपला. प्रकरण मिटले, असा अनेकांचा समज झाला. परंतु तो कचरा जमिनीवर, गोदामात साठवलेला होता. जमिनीखाली जे उतरले त्याचा इतिहास निराळा आहे, आणि त्याचा आरंभ १९८४ च्या त्या रात्रीत नाही.

१९७७ साली कारखान्याच्या उत्तरेस सांडपाणी उन्हात आटवण्यासाठी तळी बांधण्यात आली. तळाशी प्लास्टिकचे अस्तर होते. १९८२ मध्येच तळी गळत असल्याचे संदेश भोपाळहून अमेरिकेतील मुख्यालयास गेले होते. वायुगळतीला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता.

‘सेविन’ हे कीटकनाशक तयार करताना कार्बन टेट्राक्लोराइड द्रावक म्हणून वापरले जाई. मिथिल आयसोसायनेटच्या निर्मितीत क्लोरोफॉर्म लागे. दोन्ही द्रव पाण्याहून सुमारे दीडपट जड. तेल सांडले तर ते भूजलावर तरंगते. ही द्रावके मात्र पाणी भेदून खाली बसतात, खडकांच्या भेगांत अडकतात आणि तेथून वर्षानुवर्षे किंचित किंचित विरघळत राहतात. पाणी दिसायला नितळच असते. क्षार, कठीणपणा, आम्लता, जंतू या नेहमीच्या तपासण्यांत त्यांचा मागमूस लागत नाही. शिवाय ती उडून जाणारी. नमुन्याची बाटली अर्धी रिकामी ठेवली, किंवा झाकण सैल राहिले, तर जे शोधायचे तेच प्रयोगशाळेत पोहोचण्याआधी निसटते. म्हणून हवेचा बुडबुडाही न ठेवता काठोकाठ भरलेली छोटी कुपी, थंड पेटी, आणि पुढे गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री, असा सारा खटाटोप करावा लागतो. ‘आढळले नाही’ असे वाक्य कोणत्याही अहवालात वाचले, की काय शोधले होते आणि कसे, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी ती याचसाठी.

भोपाळमध्ये हे वाक्य फार महाग पडले. १९८९ मध्ये कंपनीने आवारातील माती व पाण्याचे नमुने स्वतः तपासले. त्यांच्या चाचणीत सोडलेले सर्व मासे मेले. ही नोंद कंपनीच्या कागदांतच राहिली आणि पुढे अमेरिकेतील खटल्यात बाहेर आली. १९९६ मध्ये राज्य सरकारच्याच प्रयोगशाळेने जवळच्या कूपनलिकांत रासायनिक प्रदूषण असल्याचे नोंदवले. पुढच्याच वर्षी नागपूरच्या ‘नीरी’ने मात्र भूजल दूषित नसल्याचा निष्कर्ष काढला. काळ्या चिकणमातीचा जाड थर विषाला खाली झिरपू देणार नाही, असा त्यामागील एक तर्क होता. तर्क पाठ्यपुस्तकी आणि दिसायला भक्कम होता. या काळात हातपंपाच्या पाण्याला वास येतो, असे वस्तीतील बायाबापड्या सांगतच होत्या. पण नाकाची साक्ष अहवालात नोंदवली जात नाही.

१९९९ मध्ये ग्रीनपीसच्या शास्त्रज्ञांनी नमुने परदेशी प्रयोगशाळेत तपासले. तळ्यांच्या बाजूच्या अटल अयुब नगरमधील एका हातपंपाच्या पाण्यात लिटरमागे ३,४१० मायक्रोग्रॅम कार्बन टेट्राक्लोराइड निघाले. जागतिक आरोग्य संघटनेची त्या वेळची मर्यादा २ मायक्रोग्रॅम होती. म्हणजे १,७०५ पट. कार्बन टेट्राक्लोराइड यकृतावर घाव घालते आणि कर्करोगकारक असण्याचा संभव त्याच्या नावापुढे नोंदवलेला आहे.

त्यानंतर प्रशासनाने हातपंपांना लाल रंग फासला आणि पाणी पिण्यास अयोग्य असल्याचे त्यांवर लिहिले. दुसरी सोय मात्र पुरेशी नव्हती. टँकर अपुरे, अनियमित. त्यामुळे लाल पंपांचे दांडे हलतच राहिले. मे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश दिला. जलवाहिन्या येण्यास आणखी वर्षे गेली, आणि दरम्यान लखनऊच्या संशोधन संस्थेच्या चाचण्यांतून बाधित वस्त्यांची यादी लांबत गेली.

२००१ मध्ये डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली. भोपाळच्या सफाईचे दायित्व आपले नाही, ही डाऊची भूमिका आजही कायम आहे. तळ्यांची माती आणि कारखान्याच्या आवारात पुरलेला कचरा पिथमपूरच्या त्या ३३७ टनांत नव्हता. दर पावसाळ्यात त्यातून पाणी मुरते.