मासला

आमचे नाना सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. सौद्याच्या दिवशी ते मला कधीमधी बरोबर नेत. व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर हळकुंडं काढायचा. एक मोडून आतला रंग बघायचा, मग दोन एकमेकांवर आपटून आवाज ऐकायचा. नीट वाळलेलं हळकुंड धातूसारखं वाजतं. त्या मुठीला नाना ‘मासला’ म्हणत आणि मासल्याच्या बाबतीत फार कडक होते. पोतं किती का मोठं असेना, पेढीची अब्रू त्या मुठीत असते, असं त्यांचं म्हणणं.

हे आठवायचं कारण मामा. नानांच्या त्या थोरल्या मुलाने मला दुसऱ्या एका मासल्याचं वेड लावलं.

मामाची गोष्ट 1994 ची. सांगलीतल्या विश्रामबागेत एका टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत त्याने कॉम्प्युटरचे वर्ग सुरू केले होते. चार मशिनं होती, त्यातलं एकच 386, चार एमबी रॅमचं. मुलं डॉसच्या कमांडी घोकायची आणि लोटसची शीटं भरायची. एका रात्री पुण्याहून त्याचा मित्र एसटीने आला. त्याच्या पिशवीत दशम्यांच्या डब्याशेजारी पंच्यात गुंडाळलेल्या दोन फ्लॉप्या होत्या. एकेका फ्लॉपीत 1.44 एमबी. त्या दोन्हींत मिळून ‘डूम’चा पहिला भाग मावला होता.

मामा ही गोष्ट सांगायला लागला की आजही खुर्चीच्या कडेला सरकून बसतो. शटर अर्धं ओढलेलं, खोलीत फक्त पडद्याचा उजेड, आणि दाराआडून येणारं ते गुरगुरणं. दोघं पहाटेपर्यंत खेळले. पहिल्या भागात एका गुप्त पातळीसह नऊ पातळ्या. शेवटी दोन प्रचंड राक्षस मारले की भिंती खाली जातात, बाहेर पडायची वाट दिसते, आणि ती वाट तुम्हाला नेते एका अंधाऱ्या खोलीत. तिथे दबा धरून बसलेले सगळे मिळून तुम्हाला मारतात. तिथेच भाग संपतो. पुढे काय, हे हवं असेल तर पैसे पाठवून उरलेले दोन भाग मागवा.

“अमेरिकेतला फोन नंबर दिला होता रे,” मामा सांगतो. “आयएसडी लावायचा म्हणजे पोटात गोळा यायचा. बरं, लावला तरी डॉलर कुठून आणायचे?” परकीय चलन तेव्हा साध्या माणसाला सहजी मिळत नसे. त्यामुळे 27 पातळ्यांपैकी त्या नऊच मामाच्या वाट्याला आल्या. त्याने त्या शंभरदा खेळल्या. कुठल्या कोपऱ्यात कुठलं बंदुकीचं मॅगझिन पडलंय, हे तो अजून डोळे मिटून सांगतो.

अर्धा खेळ फुकट वाटायची युक्ती कुणाची, हे मला पुष्कळ पुढे कळलं. अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी 1982 मध्ये ‘पीसी-टॉक’ हा प्रोग्राम लोकांना वाटला. आवडला तर पैसे पाठवा, एवढीच विनंती. टेक्सासच्या स्कॉट मिलर यांनी तसंच करून पाहिलं, पण अख्खा खेळ हातात आल्यावर पैसे पाठवणारे थोडेच निघाले. मग 1987 मध्ये त्यांनी ‘क्रोझ’चा पहिला भाग फुकट सोडला आणि पुढचे टपालाने विकायला काढले. ते चाललं. त्याच वाटेने ‘इड सॉफ्टवेअर’ने 10 डिसेंबर 1993 ला ‘डूम’ विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला, तर घ्यायला आलेल्यांच्या गर्दीने तिथलं नेटवर्क कोलमडलं. तिथून विश्रामबागेतल्या मागच्या खोलीपर्यंत तो हातोहात आला. वाटेत कुणी पैसे दिले नाहीत, आणि तरी कुणी चोरीही केली नाही, कारण पहिला भाग वाटण्यासाठीच होता. मामाच्या गोष्टीत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही.

माझं वय डेमोचं, म्हणजे खेळांच्या अशा फुकट तुकड्यांचं, झालं तोवर फ्लॉपीची सीडी झाली होती. मामा ‘चिप’ घ्यायचा. 2001 मध्ये तेच मासिक ‘डिजिट’ झालं. ‘पीसी क्वेस्ट’ने तर सीडीवरून लिनक्स घरोघर पोचवलं. अंक स्टॉलवर आला की मामा सायकलवरून घेऊन यायचा, आणि अंक त्याच्याकडे, सीडी माझ्याकडे, अशी वाटणी व्हायची. एका सीडीत 650 एमबी, म्हणजे साडेचारशे फ्लॉप्या. तेवढंच फोनच्या तारेवरून उतरवायचं म्हटलं तर 56 के मोडेमला पूर्ण वेगाने, न तुटता, 26 तास लागले असते. आमची लाइन वीस मिनिटांत तुटायची. त्यामुळे महिन्याला येणारी ती एक चकती म्हणजे बाहेरचं सगळं जग होतं. ड्राइव्हचा ट्रे आत जायचा, पंखा फिरल्यासारखा आवाज चढत जायचा, आणि मेनू उघडायचा. ड्रायव्हर, अँटिव्हायरस, तीस दिवसांचे प्रोग्राम हे सगळं ओलांडून मी थेट ‘गेम्स’वर.

एकेक पातळी, एकेक गाडी, एकेक नकाशा. पूर्ण खेळ मूळ खोक्यात सांगलीत दिसतच नसे. म्हणून डेमो आम्ही चाखून सोडले नाहीत, त्यांत राहिलो. त्या एकाच नकाशाच्या टोकांपर्यंत गेलो. ‘मोटोक्रॉस मॅडनेस’मध्ये टोकाचा कडा चढून पलीकडे गेलं की स्फोटासारखा आवाज होऊन मोटरसायकल स्वारासकट परत आत भिरकावली जाते. ते उडणं बघायलाच मी आणि मावसभाऊ तासन्‌तास कडे चढत असू. शर्यत कुणी जिंकली, हे विचारायची आठवणही होत नसे.

नानांना डेमो म्हणजे काय ते समजावून सांगताना मी मासल्याचाच दाखला दिला होता. त्यांनी लगेच विचारलं, “मग मासल्यात जे आहे ते पोत्यात असतंच ना?”

असतंच, मी म्हणालो. पण ते खरं नव्हतं.

1997 च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या डेमोत हित्ती लोकांची एक मोहीम होती. आजच्या तुर्कस्तानातलं, हत्तुशा राजधानीचं ते प्राचीन साम्राज्य. शाळेच्या इतिहासात ते मला भेटलं नव्हतं, डेमोत भेटलं. कॉलेजात असताना पूर्ण खेळ हाती आला. इजिप्त होता, ग्रीस होता, बॅबिलोन होतं, जपान होतं. हित्ती लढवय्येही होते, पण त्यांची मोहीम कुठेच नव्हती. मी दोनदा शोधली. ‘हाफ-लाइफ’चंही तेच. फेब्रुवारी 1999 चा त्याचा ‘अपलिंक’ नावाचा डेमो, ज्यात अँटेना चालू करून संदेश पाठवायचा असतो, पूर्ण खेळात नाही. ज्यांनी पैसे मोजून खोकं घेतलं त्यांना जे मिळालं नाही, ते मासिकाबरोबर आलेल्या चकतीत आमच्याकडे होतं.

मी नानांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पोत्यात नाही ते मुठीत? मग ती मूठ जपून ठेव.”

नाना जाऊन आता बारा वर्षं झाली. हित्तींची मोहीम 2018 च्या नव्या आवृत्तीत परत आली, आणि मी ती मामाशेजारी बसून पुरी केली. पण सगळ्यांचं नशीब तसं नसतं. ऑगस्ट 2014 मध्ये हिदेओ कोजिमांचा ‘पी.टी.’ हा डेमो प्लेस्टेशन 4 वर आला. एका घरातला एकच बोळ, पुन्हा पुन्हा तोच, आणि प्रत्येक फेरीला काहीतरी बदललेलं. पुढच्या एप्रिलमध्ये, ज्या मोठ्या खेळाचा तो डेमो होता, तो खेळ रद्द झाला आणि डेमोही ऑनलाइन दुकानातून काढून घेतला. मशिनीवरून पुसला गेला, तर परत मिळायची सोय नाही. कपाटातली चकती अशी कुणाला मागे घेता येत नाही.

ती मात्र आपली आपण जाते. गेल्या दिवाळीत सांगलीला माळ्यावरून हळदीच्या कापडी पिशवीतल्या सीड्या खाली काढल्या. एकेक उजेडाकडे धरून बघितली. कित्येकींचा चंदेरी थर उडालेला, टाचणीएवढ्या भोकांतून खिडकी दिसत होती. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मी मुद्दाम विकत आणला होता. पहिली लागली नाही. दुसरी अडखळत फिरली आणि थांबली. मामाने ड्राइव्हला कान लावला, यार्डातले व्यापारी दोन हळकुंडं आपटून ऐकायचे अगदी तसा.

तिसरी घातल्यावर आवाज सरळ चढत गेला. मामाने मान हलवली. “ही वाजतीय बघ. आधी हिची कॉपी करून घे.”