पेटी, सुकाणू आणि आज्ञेची ओळ

भिलाईचे नाव काढले की डोळ्यांपुढे उभी राहते ती झोतभट्टी. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या भट्टीचे उद्घाटन झाले. मधल्या काळात परदेशची यंत्रसामग्री आली ती सुट्या नगांनी. प्रत्येक नगाची उचल निराळी. गंमत अशी, की याच सुमारास, 26 एप्रिल 1956 रोजी, माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे 58 एकसारख्या पेट्या जहाजाने धाडल्या. पेटीत काय आहे याची चौकशी गोदीतल्या यारीने करावयाची नाही, एवढीच त्यातली युक्ती.

संगणकाच्या जगात ही युक्ती उशिरा रुजली. 1979 च्या युनिक्समध्ये एखाद्या आज्ञावलीला घरातली एकच खोली दाखविण्याची सोय होती. पण पेटी सर्वतोमुखी झाली ती 2013 साली डॉकर आल्यावर. पुढच्याच वर्षी गूगलने कुबरनेटीज जाहीर केले. शब्द ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा, आपल्या कोकणातला तांडेल म्हणा.

2016 साली आयआयटी भिलाई स्थापन झाली. समजा, तेथील एखाद्या विद्यार्थ्याने छायाचित्रांवरून रुळांतले तडे ओळखण्यास शिकलेली आज्ञावली तयार केली. त्याच्या यंत्रावर ती चालते, दुसऱ्याच्या यंत्रावर अडते. कारण तिला लागणाऱ्या उपआज्ञावल्यांच्या आवृत्त्या तेथे निराळ्या असतात. म्हणून तो सारा संसार पेटीत भरतो, पेटी कोठारात ठेवतो आणि एका पत्रकात लिहितो: तीन प्रती चालू असाव्यात. मग पडद्यावर 'क्यूबसीटीएल अप्लाय' ही आज्ञा आणि पत्रकाचे नाव, अशी एक ओळ. प्रत कोणत्या यंत्रावर ठेवावी, हे त्याने सांगावयाचे नसते. यंत्रांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, तांडेल नजर ठेवतो. एक प्रत मेली की दुसरी उभी करतो.

शिकलेल्या आज्ञावलीची एक खोड मात्र आहे. तिचे ज्ञान म्हणजे आकड्यांचे प्रचंड ओझे. ते स्मृतीत चढेपर्यंत पेटी उघडूनही उपयोग नाही. भट्टी तरी पेटवताक्षणी कुठे लोखंड देते? यासाठी पत्रकात तयारीची चाचणी लिहावी लागते. तिला होकार मिळेपर्यंत त्या प्रतीकडे काम वळविले जात नाही. घाईत ही चाचणी गाळणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची पहिली गिऱ्हाइके रिकाम्या हाताने परततात.

पण ही चाचणी विचारते ते एवढेच, की जागी आहेस का? उत्तर बरोबर आहे का, हे ती विचारीत नाही. लख्ख उजेडातल्या छायाचित्रांवर शिकलेल्या आज्ञावलीपुढे रात्रपाळीची अंधुक छायाचित्रे आली, तर तिन्ही प्रती एकमुखाने तडा नाही म्हणून सांगतील, आणि तांडेलाच्या वहीत सर्व कुशल! मागची आवृत्ती परत आणावयाची आज्ञाही एका ओळीची आहे. परंतु तिच्याआधी कोणीतरी दिवा घेऊन रुळापाशी वाकलेले असावे लागते.